ओरिएबाईंचं नट्टोचं सोवळं

ओरिएबाईंनी अकरा वर्षांत नट्टो तोंडात घातलेलं नाही. आमच्या कोबेच्या प्रयोगशाळेचं हे सोवळंच आहे: आंबवलेलं ते चिकट सोयाबीन खाल्लेल्याने पेशींच्या खोलीत यायचं नाही. नट्टोचे जंतू भारी चिवट. एक जरी पेशी वाढवायच्या बशीत शिरला, तरी दहा महिन्यांची मेहनत पाण्यात!

मेहनत म्हणजे, रुग्णाच्या रक्तातल्या पेशींना आपण रक्ताच्या आहोत हे विसरायला लावायचं आणि मग त्यांच्यापासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी बनवायच्या. कुठल्या पेशी वळणावर आल्या, कुठल्या बिघडल्या, हे ओरिएबाई नुसत्या नजरेने सांगतात. मोठमोठे डॉक्टर मागे मुकाट उभे असतात. मला ते बघायला फार आवडतं.

पण ओरिएबाईंचं सासर पडलं मितोचं, नट्टोचं माहेरघर. सासूबाई तोकुबाई शहाऐंशीव्या वर्षीही भाताच्या पेंढ्यात घरचं नट्टो लावतात. सून खात नाही, हे त्यांना अकरा वर्षं झोंबत होतं.

यंदा नववर्षाला त्या पेंढ्याची पुडी घेऊन थेट कोबेलाच आल्या.

"तुम्हा इकडच्यांना वासच सोसत नाही. कामाचं निमित्त कशाला गं?" त्या म्हणाल्या. "मी आता किती दिवसांची? एक घास खा."

"आई, उद्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या डोळ्यात बसवायच्या पेशी निवडायच्यात. मी खाल्लं तर मला आत जाता यायचं नाही, आणि निवडणारं दुसरं कोणी नाही."

ओरिएबाईंनी प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकातला फोटो पुढे केला. तोकुबाईंनी भिंग लावलं. एकमेकींना चिकटून बसलेल्या तपकिरी पेशी.

"ह्या रक्तापासून झाल्या?"

"हो. रोज खाऊपिऊ घालावं लागतं."

"रोज? पहिल्या तारखेलाही?"

"काल सकाळीच जाऊन आले."

नट्टो मुरत असताना तोकुबाईही कधी घर सोडत नाहीत. त्यांनी पुडी प्लास्टिकमध्ये गच्च बांधली, हात साबणाने दोनदा धुतले आणि म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं नीट? तुझ्या घरी असेतो मीही नाही खाणार."

"सांगत तर होते," असं ओरिएबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना त्यांचे डोळे भरले.

शिंप्याची बशी स्वच्छ निघाली. म्हातारी आठ दिवस लोणचं-भातावर राहून मितोला परतली. आता दर महिन्याला तिचं पोस्टकार्ड येतं, त्यावर एकच ओळ: "शिंप्याला सुई ओवता आली का?"