इब्राहिमभाईंच्या बाह्यांतला वारा

इब्राहिमभाई गेले, आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रडूही येतंय. पण त्या माणसाची एकही आठवण हसल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्याला मी काय करू?

आठ वर्षांपूर्वी सौदीत कतीफजवळच्या एका पाइपलाइन साइटवर मी नवाकोरा इंजिनिअर होतो आणि ते क्वालिटी इन्स्पेक्टर. मूळचे दापोलीकडचे. उंची जेमतेम साडेपाच फूट. पण उभे असे राहायचे की समोरचा आपोआप शर्ट खोचायला लागायचा.

आमचा कॉन्ट्रॅक्टर चिनी. साइट मॅनेजर मिस्टर लिन, जुन्या चिनी कवितांचं वेड असलेला माणूस.

चहाच्या सुट्टीत हे दोघं कंटेनरच्या सावलीत बसायचे. लिन मोबाइलला कविता ऐकवायचा, ट्रान्सलेटर भलतंच काहीतरी हिंदी बोलायचा आणि इब्राहिमभाई गंभीरपणे मान डोलवायचे.

त्यातून त्यांना चार-चार अक्षरांच्या चिनी वाक्प्रचारांचा नाद लागला. माणूस दिसतो कसा, वागतो कसा, सगळं चार अक्षरांत.

कुणी उंच माणूस आला की, "बघ, कोंबड्यांत उभा करकोचा."

मी इस्त्रीचा शर्ट घातला की, "काय रे सायबा, आज वाऱ्यात उभं जेडचं झाड?" झाडाचं पोट सुटलं होतं. ते त्यांना चालायचं.

एकदा लिनने बांबूचं कौतुक केलं. आतून पोकळ, म्हणजे गर्व नाही. पेरं पक्कं, म्हणजे शब्द पक्का. इब्राहिमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "आमच्याकडं त्याची कुंपणं घालतात. त्याला नको सांगूस, वाईट वाटेल."

त्यांचा सगळ्यात लाडका वाक्प्रचार होता, ल्यांग श्यू छिंग फंग. दोन्ही बाह्यांत नुसता स्वच्छ वारा.

जुने चिनी अधिकारी म्हणे लांब बाह्यांचे झगे घालायचे आणि नजराणे त्यात लपवायचे. बाह्या झटकल्यावर ज्याच्याकडून वाऱ्याशिवाय काही निघत नाही, तो सचोटीचा.

आता माझी करामत.

माझा साखरपुडा ठरला होता. केतकीशी, कराडला. रात्रीचं विमान, दुसऱ्या दिवशी अकराचा मुहूर्त. आणि विमानाच्याच दिवशी माझ्या लाइनची हायड्रोटेस्ट. म्हणजे पाइपात पाणी भरायचं, प्रेशर द्यायचं आणि ते चार तास टिकतंय का बघायचं. एक यंत्र गोल कागदावर निळ्या शाईने त्याची रेघ काढत राहतं.

टेस्ट मस्त झाली. फक्त दुपारी वीस मिनिटं यंत्राच्या पेनातली शाई संपली होती. रेघेत मोकळी जागा.

मी काय केलं? लबनच्या, म्हणजे तिकडच्या ताकाच्या, डब्याचं झाकण ठेवलं आणि निळ्या बॉलपेनने रेघ पुरी केली. सुंदर. गोल. कुणाला कळायचं नाही.

इब्राहिमभाईंनी चष्मा वर केला.

"बारा वाजता उन्हात प्रेशर थोडा वर चढतो, सायबा. तुझी रेघ तर सावलीत बसलीय."

मी गयावया केली. विमान, मुहूर्त, सासरे, सगळं सांगून झालं.

"मी सही नाही करणार. आणि मी कुणाला सांगणारही नाही. तू जाऊन लिनला सांग."

दहा मिनिटं मी मनात त्यांना शिव्या घातल्या. मग गेलो. सांगितलं.

लिन म्हणाला, "पाइप चांगला आहे. रेघ राहू दे. कुणाला कळतंय?"

माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मागून इब्राहिमभाई आले. दोन्ही हात पसरले, कव्हरऑलच्या बाह्या झटकल्या आणि दापोलीच्या हेलात म्हणाले, "ल्यांग श्यू छिंग फंग, मिस्टर लिन?"

लिन लालबुंद झाला. मग इतका हसला की चहा पँटवर सांडला.

"टुमॉरो. टेस्ट अगेन."

माझं विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून मी पाइपजवळ उभा, आणि फोनच्या स्क्रीनवर कराडचा हॉल. माझ्याऐवजी माझ्या आईने केतकीला अंगठी घालायची असं ठरलं. पण होणारे सासरे अडून बसले. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे तराजू तपासलेला माणूस.

"तिथे तुमच्यापेक्षा वयाने मोठं कोणी आहे का? त्यांना फोन द्या."

मी इब्राहिमभाईंना दिला. दुसरं होतंच कोण?

"मुलगा कसा आहे, खरं सांगा."

हा माणूस मेला तरी खोटं बोलणार नाही, हे मला कालच कळलं होतं.

"काल याने एक खोटी रेघ मारली," इब्राहिमभाई म्हणाले. "मग स्वतःच्या तोंडाने जाऊन सांगितली. विमान सोडलं, पण सांगितली. मना मुलगी असती ना, मी दिली असती."

सासरे स्क्रीनवर हलेचनात. मला वाटलं, नेटवर्क गेलं. तेवढंच बरं.

मग आवाज आला. "पस्तीस वर्षांत आपण होऊन चूक सांगणारे दोनच दुकानदार भेटले मला. अहो विहीणबाई, घाला अंगठी."

इकडे पाइपजवळ लिन का नाचत होता, हे त्याला स्वतःलाही माहीत नसावं.

तीन वर्षांपूर्वी इब्राहिमभाई इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, परत करून कायमचे दापोलीला गेले. आज पहाटे फज्रच्या नमाजानंतर गेले, झोपेत. त्यांच्या मुलाचा फोन आला. दफन संध्याकाळी, अस्रच्या नमाजानंतर. मी अजून सौदीतच, इथून वेळेत पोचूच शकत नाही.

केतकीने माहेरी कळवलं. दहा मिनिटांत सासऱ्यांचा फोन. पंचाहत्तर वय, गुडघे गेलेले. या माणसाला ते आयुष्यात एकदाही भेटलेले नाहीत.

"मी गाडीत बसलोय. कुंभार्ली घाटाने निघालो."

"बाबा, तुम्ही कशाला? इतका प्रवास..."

"ज्याच्या शब्दावर पोरगी दिली, त्याला माती द्यायला नको?"

इब्राहिमभाई, तुमच्या मातीला माझ्या घरचं माणूस येतंय. शांत झोपा.

तुम्हाला माझा शेवटचा सलाम.