कापगत्यांच्या घरची जीभ

देवीदास कापगत्यांना कशाचीही चव कळत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. तोंडात खर्रा असलेल्या माणसाला चव कळत नाही, आणि खर्रा नसलेलं कापगत्यांचं तोंड भिलाईत कोणी पाहिलं नव्हतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणारा तो ऐवज विसाव्या वर्षी त्यांच्या डाव्या गालात गेला. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर छत्तीस वर्षांची नोकरी झाली, पेन्शनीची सहा वर्षं झाली, तरी तो तिथंच होता. जेवताना तेवढा बाहेर यायचा, पण तोवर जीभ जोड्याच्या तळव्यासारखी झालेली असायची. वरणात मीठ नसलं तरी ते जेवत, दुप्पट असलं तरी जेवत, आणि दोन्ही वेळा "मस्त झालं" म्हणत.

घरात जीभ एकच होती, ती रुक्माबाईंची. ती मात्र दोघांना पुरून उरायची. सेक्टर सहाच्या क्वार्टरात होते तेव्हा कोणाकडेही लग्न असलं की चुलीवरच्या वरणाच्या गंजापाशी आधी रुक्माबाईंना बोलावत. त्या पळीतलं थोडं तळहातावर घेत, डोळे मिटत आणि निकाल देत, "डाळ जुनी हाये. अन् हळद तेलात नाही टाकली, मागून टाकली." आचारी रडायचा तेवढा बाकी राही. पुढे हुडको कॉलनीत स्वतःचं घर झालं तरी कोर्ट चालूच राहिलं. कापगत्यांनी टरबूज आणलं की पहिली फोड तोंडात घालून त्या म्हणत, "हे नदीचं नोहे, बोरिंगच्या पान्याचं हाये. फसवलं तुमाले." चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आणलेल्या एकाही वस्तूला त्यांनी गोड म्हटलं नव्हतं. "चालते" ही त्यांची सगळ्यात वरची पदवी. ती कापगत्यांना तीनदा मिळाली होती. तिन्ही तारखा त्यांच्या लक्षात होत्या.

आणि घशाचा कॅन्सर झाला तो रुक्माबाईंना.

"तंबाखू कोण खातं?" डॉक्टरांनी विचारलं होतं. कापगत्यांना उत्तर देता आलं नाही, कारण तोंड भरलेलं होतं.

मशीनचे, म्हणजे रेडिएशनचे, पस्तीस शेक झाले. एप्रिलमध्ये शेवटच्या शेकाच्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तोंडातली लाळ आटली आहे, चव गेली आहे. दहा महिने लागतील, वर्षही लागेल, पण बहुतेक येईल. तोवर पोटात अन्न गेलं पाहिजे. आज वजन एक्कावन्न आहे. चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि त्यानंतर माणूस तोंडाने खायला पुन्हा लागतोच असं नाही.

कापगत्यांनी सगळं ऐकलं, फक्त 'बहुतेक' हा शब्द तेवढा ऐकला नाही. बाहेर येऊन त्यांनी गालातला खर्रा कचऱ्याच्या डब्यात थुंकला आणि खिशातली पन्नीही टाकली. देवाला नवस वगैरे काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांत जी गोष्ट रुक्माबाईंच्या रडण्याने झाली नव्हती ती त्या डब्यापाशी झाली. पानठेलेवाल्याने आठ दिवस वाट पाहिली आणि मग कापगते वारले की काय म्हणून हुडकोत चौकशी केली.

त्याच आठवड्यात ते कृष्णरावांकडे गेले. कृष्णराव त्यांचे जुने दोस्त, रेल्वेचे रिटायर गार्ड. नाशिकला साडूकडे चार दिवस राहिले आणि येताना द्राक्षाच्या काड्या घेऊन आले. धमध्याच्या रस्त्याला अर्ध्या एकरात त्यांनी मांडव घातला होता. आजूबाजूचे टमाटरवाले त्यांना हसत. कृष्णराव पोपटांवर गार्डाची शिट्टी वाजवत आणि लाल झेंडी दाखवत. पोपट रेल्वेचे नोकर नसल्यामुळे थांबत नसत. मागच्या दोन वर्षांत बागेने चार घड दिले होते, आणि तेही पोपटांना.

त्या दिवशी कृष्णराव वेल पार बोडके करत होते.

"कावून कापून राहिला बे सगळं?"

"खरड छाटनी हाये लेका. आता कापलं तं पुढं येते. फागुनात पाहाशील."

"म्हनजे किती?"

"दहा महिने धर."

कापगते खालीच बसले. डॉक्टरांनी दहा महिने म्हटलं होतं, कृष्णरावही दहा महिनेच म्हणत होते. दोन शहाण्या माणसांचं एका आकड्यावर जमलं म्हणजे तो खराच असला पाहिजे. "वैनीले सांग, पयला घड तिचा," कृष्णराव म्हणाले. "मऊ फळ हाये, घशाले त्रास नाही. शिव्या द्याच्या असन तं माह्या नावानं दे म्हन."

तेव्हापासून कापगत्यांची स्कूटर भिलाईच्या चारी बाजूंच्या शेतांतून फिरू लागली. हे गृहस्थ एकोणिसाव्या वर्षी साकोलीजवळचं गाव सोडून आलेले, पण प्रत्येक बांधावर "आमी खानदानी शेतकरी" म्हणून सुरुवात करत. भट्टीतला कोक तयार झाला की नाही हे ज्वाळेच्या रंगावरून ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. फळंही ते तशीच ओळखत, लांब उभे राहून, एक डोळा बारीक करून.

मे महिन्यात शिवनाथ नदीच्या पात्रात ठकूबाई नावाच्या टरबूजवालीच्या वाडीवर गेले. "गुरतुर हे बबा, चीख के तो देख," गोड आहे, चाखून तर बघ, म्हणत तिने फोड पुढे केली. कापगत्यांनी मान हलवली. त्यांच्या जिभेला काय कळणार होतं! शिवाय पहिली फोड रुक्मेची, हा घरचा कायदा होता. टरबूज पायांत धरून घरी आणलं, बिया काढल्या, बारीक तुकडे केले आणि निकालासाठी समोर बसले.

रुक्माबाईंनी एक तुकडा तोंडात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "गोड हाये."

कापगत्यांना ऐकू आलं ते खरं वाटेना. "गोड?"

"हो जी. लय गोड."

सिविक सेंटरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी ही बातमी ओळखीच्या सात आणि अनोळखी दोन माणसांना सांगितली. बायको तीन तुकड्यांवर थांबली हे सांगायला विसरले.

पावसाळ्यात पाटणकडच्या एका शेतातून कोवळी कारली आणली. भाजी स्वतः केली. काय काय घातलं ते त्यांनाच ठाऊक. रुक्माबाईंनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड झाली."

कारल्याची भाजी गोड! कापगते फुगले. आजारपणाने बायकोचा स्वभाव निवळला आणि आपल्या हाताला गुण आला, असे दोन शोध त्यांना एकाच दिवशी लागले. रविवारी रायपूरहून लेक नीतू आली. या पोरीने दर रविवारी येऊन आईला वजनकाट्यावर उभं करायचं, असा नेम होता. काट्याने शेहेचाळीस दाखवले. "बाबा, मम्मी कुछ खा भी रही है?" कापगते म्हणाले, "खाते ना! अन् तारीफ करते!" नीतू आईकडे पाहत राहिली. आईने चादरीची घडी केली.

दसऱ्याच्या सुमारास कृष्णरावांनी दुसरी छाटणी केली. पुढच्या पंधरवड्यात वेलींना फुलांचे तुरे दिसू लागले. ते पाहून येताना कापगते शेजारच्या मळ्यातून सीताफळं घेऊन आले. त्यातलं एक पिशवीत फुटलं होतं आणि बोटांना लागलं होतं. ते त्यांनी सहज चाटलं आणि स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी केली.

चव लागली होती. सहा महिन्यांत जिभेवरचा थर सुटला होता, आणि त्याखालून एकोणीस वर्षांच्या पोराची जीभ निघाली होती. साकोलीच्या तळ्याकाठची, चोरून खाल्लेल्या बोरांची. पण सीताफळ आंबलेलं होतं. दारूसारखा वास, कडवट चव. कापगत्यांना ते लगेच कळलं, आणि याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जिच्यासाठी दिवस मोजतो आहोत तिची राहिली बाजूला आणि आपलीच परत आली. उसना आणलेला कोट अंगावर घालून मिरवावा तसं झालं.

घरी आल्यावर बाकीची फळं काढण्याआधीच रुक्माबाईंनी ते फुटलेलं उचललं. कापगते "थांब" म्हणेपर्यंत चमचाभर तोंडात गेलं होतं.

"गोड हाये," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी कापगते टपरीवर गेले नाहीत. आजारी माणसाला आंबलेलं आवडत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि स्वतःकडून ते मान्य करून घेतलं. दिवाळीला त्रेचाळीस. थंडीत वाटाणे आणले, टमाटर आणले, बोरं उकळून त्याचं पाणी केलं. सगळं गोड. संक्रांतीला एक्केचाळीस. चहात साखर टाकायची राहिली तरी गोड.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी काटा चाळीस आणि थोडा, असा थरथरला. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. सोमवारी सकाळी कापगते बागेत पोहोचले. मांडवाखाली खरोखरच घड लटकत होते, हिरवे, टणक, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"पंधरा दिवस थांब," कृष्णराव म्हणाले. "साखर नाही उतरली."

"पंधरा दिवस नाही हायेत माह्याजवळ."

कृष्णरावांनी एक घड कापून दिला. कापगत्यांनी आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून घरचा कायदा मोडला आणि एक मणी तोंडात टाकला. दात शिवशिवले, कानामागे कळ गेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हे द्राक्षं हाये का चिंच हाये बे!"

"मंग? म्हटलं ना! वैनी शिव्या देईन."

"तेच पाहिजे मले," कापगते डोळे पुसत म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. एवढं आंबट कोणालाही कळेल. कणभर जीव उरलेल्या जिभेलाही कळेल. परतीच्या साऱ्या रस्त्यात ते रुक्माबाईंच्या शिव्या मनात जुळवत होते. 'म्हतारे झाले तरी अक्कल नाही आली.' 'हे माणसाले द्याचं हाये का गायीले?' 'फसवलं तुमाले.' एक शिवी मिळाली तरी उद्या डॉक्टरांना सांगता येणार होतं, साहेब, नळी नको, जीभ जागी झाली.

द्राक्षं धुतली, साल काढली आणि वाटी पुढे केली.

रुक्माबाईंनी एक मणी घेतला. हळूहळू चावला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"कशी हाये?" कापगत्यांनी विचारलं.

"गोड हाये जी. साखर."

"नीट पाहा ना, रुक्मा."

"पाहिलं ना. लय गोड."

कापगत्यांनी वाटीतून एक मणी उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं. रुक्माबाई ते पाहत राहिल्या. मग वाटी बाजूला सरकवली.

"आंबट हाये?"

"हो."

"लय?"

"लय."

"मले माती लागते," त्या म्हणाल्या. "पयल्या टरबुजापासून. तुमी उन्हातान्हाचे जाता, समोर येऊन बसता. कसं सांगू?"

"मंग शिव्या तरी द्याच्या होत्या!"

"कशाच्या जोरावर देऊ?" रुक्माबाई म्हणाल्या.

मंगळवारी काट्याने एकोणचाळीस आणि वर थोडं दाखवलं. नळी घातली. नाकाला चिकटपट्टी, आणि पातळ केलेलं अन्न दिवसातून चार वेळा जिभेला न शिवता थेट पोटात. डॉक्टरांनी या खेपेला महिने सांगितले नाहीत. कापगत्यांनीही विचारले नाहीत.

पंधरा दिवसांनी कृष्णरावांचा फोन आला. साखर उतरली होती. आयुष्यात पहिल्यांदा बाग पिकली होती आणि पोपटांनीही या वर्षी दया केली होती. कापगते जाणार नव्हते. रुक्माबाईंनीच पाठवलं. "पयला पिकलेला घड माह्या नावाचा हाये. घेऊन या. तुमी खा माह्यासमोर, अन् मले सांगा."

घड पिवळसर, मध्यावर किंचित तांबूस. मांडवाखाली उभ्या उभ्या कापगत्यांनी एक मणी खाल्ला. इतकं गोड त्यांच्या तोंडात कधी काही गेलं नव्हतं. "कसं हाये बे?" कृष्णराव झेंडी खाकोटीला मारून लहान मुलासारखे विचारत होते. "चालते," कापगते म्हणाले. कृष्णरावांना ती पदवी ठाऊक नव्हती. ते नाराज झाले.

घरी रुक्माबाई उशीला टेकून बसल्या होत्या. कापगत्यांनी खुर्ची ओढली. धुतलेल्या द्राक्षांची वाटी मांडीवर घेतली.

"सांगा ना."

"गोड हाये," कापगते म्हणाले.

रुक्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे दोन शब्द त्या घरात वर्षभर कशासाठी वापरले गेले होते ते दोघांनाही माहीत होतं.

"खरंच गोड हाये, रुक्मा. तुही शप्पथ."

"खाऊन दाखवा."

कापगत्यांनी एक मणी तोंडात घातला. दातांखाली तो फुटला, रस जिभेवर पसरला. रुक्माबाई अजिबात न हलता त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या, पूर्वी वरणाच्या गंजाकडे पाहायच्या तशा. कापगत्यांचे डोळे भरून आले आणि पाणी गालावरून खाली ओघळलं.

"पाहा," रुक्माबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी निकाल दिला, "आंबटच हाये. फसवलं तुमाले."