भरीत पलीकडे, शाळा अलीकडे

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जळगाव जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेचं भवितव्य वांग्याच्या भरतानं ठरवलं. या निवेदनाला साक्षीदार मी स्वतः आहे, कारण त्या वेळी मी चौपदरी महामार्गाच्या मधोमध, डिव्हायडरवर उभी होते. शेजारी जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेले साहेब. डावीकडून ट्रक, उजवीकडून ट्रक, आणि समोरून भाजलेल्या वांग्यांचा वास.

"मॅडम, आता?" साहेबांनी विचारलं.

"आता थांबायचं, सर."

पण आम्ही तिथे कसे पोचलो, ते आधी सांगते.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर लक्ष ठेवणारी बाई. शिक्षकांना मी अधिकारी वाटते, अधिकाऱ्यांना मी शिक्षक वाटते, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मलाच बसतात. माझ्या ताब्यात असोद्याच्या पुढच्या एका गावाच्या दोन शाळा. मोठी शाळा गावात, महामार्गाच्या पलीकडे. छोटी अलीकडे, केळी कापणाऱ्या मजुरांच्या वस्तीला लागून. ही वस्ती धुळे जिल्ह्यातून, साक्रीकडून आलेल्या कुटुंबांची. आईबाप पहाटे केळीच्या बागेत जातात आणि पोरं उठून, तोंड धुऊन, समोरच्या शाळेत येतात. सोडायला कुणी नसतं. लागतही नाही.

पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. पट कमी झाला की ऑफिसात 'समायोजन' हा गोड शब्द निघतो. छोटी शाळा बंद करायची आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत बसवायची, एवढाच त्याचा अर्थ. कल्पना अगदीच वाईट नाही. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, कॉम्प्युटर आहे, मैदान आहे. फक्त नवी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. साहेबांनी मोबाईलवरच्या नकाशात दोन शाळांमध्ये बोटानं रेघ ओढली. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आलं. प्रस्ताव पास व्हायला आता फक्त त्यांची व्हिजिट बाकी होती.

"सर, मध्ये महामार्ग आहे," मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं.

"मॅडम, रस्ते जोडायला असतात," साहेब म्हणाले होते. वाक्य चांगलं होतं. मी टाळी वाजवायचीच बाकी होती.

समायोजनाला गावातून जोरदार पाठिंबा एकाच माणसाचा. नाना. केळीचे मोठे बागायतदार. नातू पिवळ्या बसनं जळगावच्या इंग्रजी शाळेत जातो, बस दारात येते. नानांचा छोट्या शाळेच्या खोल्यांवर डोळा होता. केळीचे कॅरेट ठेवायला जागा पुरत नव्हती.

"पोरायचं भलंच होईन, मॅडम," नाना मला म्हणाले.

"आणि कॅरेटचंही, नाना."

"तेही होईन," नाना हसून म्हणाले. माणूस खोटं बोलत नाही, हे मान्य करायला हवं.

आता आमच्याकडे हिवाळ्यात कुणी साहेब आला आणि भरीत न खाता गेला, तर ती गावाची नाचक्की. व्हिजिट ठरताच नानांनी भरीत पार्टी जाहीर केली. जागा त्यांच्याच शेतात, महामार्गाच्या पलीकडे, मोठ्या शाळेच्या कुंपणाला लागून. साहेबांनी मोठी शाळा बघावी, भरीत खावं आणि सही करावी, असा तो बेत. नानांची चूक तिथेच झाली. मी मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उलट म्हटलं, "वा नाना, जागा उत्तम!"

साहेब छोट्या शाळेत आले. मुलांनी पाढे म्हटले, गाणं म्हटलं. साहेब खूश झाले. मग भूक लागली.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, गाडीनं फाट्याच्या बोगद्यातून फिरून जावं लागेल. बोगद्यापाशी जाम आहे."

मी अत्यंत साळसूदपणे म्हटलं, "सर, चालतच जाऊ ना. नकाशात अर्धाच किलोमीटर आहे."

तर असे आम्ही डिव्हायडरवर पोचलो. पहिले दोन पदर साहेबांनी हातात फाईल धरून धावत पार केले. पुढचे दोन काही मोकळे होईनात. केळीनं भरलेले ट्रक, त्यांच्या मागे टँकर, आणि त्यात उलट दिशेनं येणारा एक मोटरसायकलवाला. तो आम्हालाच हॉर्न देऊन गेला. पलीकडे कपाशीच्या काड्यांवर हिरवी-पांढरी वांगी भाजत होती. नाना हात हलवून बोलावत होते, "या ना साहेब, या!"

"दुसरा रस्ता नाही?" साहेबांनी विचारलं.

"आहे. फाट्याचा बोगदा."

"किती लांब?"

"नकाशात बघा ना, सर."

त्यांनी बघितलं. फिरून जायचं अंतर एक किलोमीटरच्या बरंच पुढे गेलं. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. एक कंटेनर इतक्या जवळून गेला, की साहेबांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला.

"पोरं इथून कशी जातात हो?"

"अजून जात नाहीत, सर. तुमची सही झाली की जातील."

साहेबांनी फाईल काखेत मारली, आणि ट्रकांमध्ये फट दिसताच आम्ही पलीकडे धावलो.

भरीत मात्र झकास. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या पुऱ्या. वाढायला इंदूबाई होती. मजुरांच्या टोळीच्या मुकादमाची बायको, दोन मुली छोट्या शाळेत. साहेबांनी तिला सहज विचारलं, "बाई, तुमच्या मुली या मोठ्या शाळेत आल्या तर?"

इंदूबाई वाढायची थांबली नाही. "साहेब, शाळा दारना मोरे शे, म्हनीसन आम्हनं बिऱ्हाड आठे शे. शाळा गई, ते आम्ही बठ्ठा जासूत."

"कुठे जाल?"

"जठे दारना मोरे शाळा शे, तठे. केळी का आठेच शे?"

म्हणजे, शाळा दारासमोर आहे म्हणून आम्ही इथे आहोत, ती गेली की आम्ही सगळे जाणार, आणि केळी काय फक्त इथेच पिकतात? नानांच्या बागा जिच्या जिवावर उभ्या आहेत, ती आख्खी टोळी. नानांची पुरी तोंडातच राहिली. मग ते जे बोलले, ते मी शेवटासाठी राखून ठेवते. शाळेतही आम्ही खाऊ शेवटीच वाटतो.

साहेबांनी परत जाताना गाडी मागवली. जाम सोसला, पण डिव्हायडर नको. समायोजनाचा प्रस्ताव त्यांनी थांबवला. छोटी शाळा चालू आहे, आणि पट वाढतोय. कारण नाना आता शेजारच्या बागायतदारांना दटावतात, टोळी आणली तर आधी पोरं शाळेत घाला. छोट्या शाळेला कुंपणही त्यांनीच घालून दिलं. नातू अजून पिवळ्या बसनंच जातो. एका भरतात एवढंच बसतं.

शिक्षण आणि अर्थव्यवस्था यांचा संबंध, या विषयावर मी कितीतरी ट्रेनिंगमध्ये डुलक्या घेतल्या आहेत. तो संबंध नानांना एका घासात कळला. तोंडात पुरी, समोर जिल्ह्याचे साहेब, आणि त्यांच्याकडेच बोट दाखवून नाना ओरडले होते:

"अन् मंग माह्या केळी कोन कापीन? हे साहेब?"