चार मिनिटांचं चालणं

“चार मिनिटं बाई नुसती चालतेय, सुलभाबेन! चालतेय, चालतेय. पब्लिक शिट्ट्या मारतंय,” शांतीभाई म्हणाले आणि मुलुंडच्या थिएटर मॅनेजरची चिठ्ठी त्यांनी माझ्या टेबलावर आपटली. “ते चालणं काढून टाका. शुक्रवारच्या आत.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शांतीभाईंचं अंधेरी पूर्वेला फिल्म डिस्ट्रिब्यूशनचं ऑफिस होतं. ते युरोपातले जुने, स्वस्तातले हॉरर पिक्चर आणायचे, इंग्रजीत डब केलेले, आणि उपनगरातल्या थिएटरांना मॅटिनीसाठी द्यायचे. मी तिथे प्रिंट चेकर होते. म्हणजे थिएटरमधून परत आलेली फिल्म हाताने फिरवत तपासायची, फाटलेली जागा कापायची आणि दोन टोकं सिमेंटने चिकटवायची. सिमेंट म्हणजे फिल्म जोडायचं एक उग्र वासाचं द्रावण. जोगेश्वरीला घरी पोचले की आई ओरडायची, “हात धू आधी, मग ताटाला हात लाव.”

चिठ्ठीतला पिक्चर इटलीचा होता. गोष्टीच्या नावाने बोंब. बेटावरचं एक हॉस्पिटल, तिथे नवीन आलेली नर्स आणि एकामागून एक मरणारी माणसं. तिसऱ्या रिळात बुडून मेलेला डॉक्टर पाचव्या रिळात खुशाल जेवायला बसलेला दिसतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. ओठ एक बोलतात, आवाज भलतंच. रक्त तर थेट दाराला लावायचा ऑइलपेंट. आणि बायकांना कामं दोनच, किंचाळायचं आणि मरायचं. याचा मला मनापासून संताप यायचा.

पण चौथ्या रिळात ती नर्स हातात कंदील घेऊन लांबलचक व्हरांड्यातून चालते. काही म्हणजे काही घडत नाही. एकेका खिडकीतून निळा उजेड तिच्या अंगावर येतो आणि जातो. मागे एक बाई शब्दांशिवाय गुणगुणत असते. शेवटच्या दारापाशी नर्स थांबते, कंदील खाली ठेवते आणि केस नीट करते. मरायला निघालेली बाई केस नीट करते! पहिल्या शोला प्रिंट घेऊन मीच मुलुंडला गेले होते, तेव्हा हे मी प्रोजेक्टरच्या केबिनमधून पाहिलं. मी बत्तीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, जग जोगेश्वरी ते अंधेरी एवढंच. मला त्या व्हरांड्यात जायचं होतं. पुढच्या दारामागे काय आहे याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. तो निळा उजेड एकदा माझ्या अंगावर पडावा, एवढीच इच्छा होती.

शांतीभाईंना हे कसं सांगणार? मी वेगळं सांगितलं.

“कापायचंच असेल तर दुसरा खून कापू या. पाचही खून एकासारखे एक आहेत.”

“खून कापू? पब्लिक खून बघायला येतं, बेन, व्हरांडा नाही.”

“व्हरांडा आहे म्हणून पुढच्या खुनाची भीती वाटते.”

“तुम्ही प्रिंट चेक करा. पिक्चर मी चेक करतो.”

झालं. माझं डोकं फिरलं. मी रीळ टेबलावर चढवलं, दोन ठिकाणी कात्री मारली आणि साडेतीनशे फूट व्हरांडा बाहेर काढला. प्रिंटवर चित्राच्या बाजूला आवाजाची पट्टी असते आणि एखाद्या चित्राचा आवाज त्याच्या वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. त्यामुळे कुठेही कापलं तरी गाणं मध्येच तुटतं. एरवी मी सूर संपण्याची जागा शोधून कापायचे. त्या दिवशी शोधली नाही. तुकडा गुंडाळला आणि कात्रणांच्या पिंपात भिरकावला. काढा म्हणाले ना, घ्या!

शुक्रवारी मी मुद्दाम मुलुंडला गेले. तिथले ऑपरेटर पास्कल अंकल मूळचे मरोळ गावठाणातले, आयुष्य प्रोजेक्टरपाशी गेलेलं. त्यांच्या केबिनच्या चौकोनी खिडकीतून मी बघत उभी राहिले. नर्सने कंदील उचलला, गुणगुणणं कचकन तुटलं आणि पुढच्या क्षणी तिच्या गळ्यावर सुरी.

अख्खं थिएटर हसलं.

“अरे, जरा थांब तरी!” कुणीतरी खालून ओरडलं. मग प्रत्येक खुनाला हशा. पहिल्या शोला व्हरांड्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या हे खरं, पण त्यानंतरच्या किंकाळीला तीच मंडळी गप्प झाली होती.

“बाई, स्टोरी तर आधीच नव्हती,” पास्कल अंकल म्हणाले. “आता भीतीपण गेली. राहिलं काय? तो पीस परत लावा ना.”

सोमवारी शांतीभाईही तेच म्हणाले. मॅनेजरचा पुन्हा फोन आला होता. मी पिंपाकडे धावले. पिंप रिकामं. शनिवारी भंगारवाला येऊन गेला होता. आमच्या कामात साधा नियम असतो. कापलेल्या तुकड्यावर पिक्चरचं नाव आणि रीळ नंबर लिहिलेली चिठ्ठी लावून तो खिळ्याला टांगायचा. सहा वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते. ज्या तुकड्यावर माझा जीव होता, तेवढाच रागाच्या भरात बिनचिठ्ठीचा टाकला. आणि देशात या पिक्चरची प्रिंट ही एवढीच होती.

मी शांतीभाईंना खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“जाऊ दे ना, बेन. दोन आठवड्यांचा पाहुणा. दुसरा पिक्चर येतोय.”

पिक्चर उतरला. करार संपल्यावर नियमाप्रमाणे प्रिंट कुऱ्हाडीने तोडली गेली.

दोनेक वर्षांनी बोरीवलीच्या एका व्हिडिओ लायब्ररीत मला त्याची कॅसेट मिळाली. शेजाऱ्यांकडे व्हीसीआर होता, त्यांच्या हातापाया पडून लावली. नर्सने कंदील उचलला आणि थेट दारापाशी पोचली. चालणं नाही, केस नीट करणं नाही. हे पिक्चर प्रत्येक देशात वेगळे कापले जातात, हे मला नंतर कळलं. तिकडेही कुणी शांतीभाई असणार, आणि कुणी मीही. मी ती जागा चार वेळा मागे नेऊन पाहिली. शेजारीण म्हणाली, “टेप खराब आहे का गं?” मी हो म्हणाले. पुढे बरीच वर्षं शोधलं, पण तो व्हरांडा मला कुठेच दिसला नाही. अजूनही डोळे मिटले की निळा उजेड येतो, गुणगुणणं मात्र नीट आठवत नाही.

त्या सोमवारनंतर रिटायर होईपर्यंत मी प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावली. त्यातला एकही तुकडा कुणी कधी परत मागितला नाही.