पिवळ्या चौकोनातलं नाव

पद्मावतीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण राजाजीनगरच्या त्या गल्लीत नळाला पाणी तेव्हाच यायचं. पाणी भरून, भाकऱ्या थापून सातला ती पंपांच्या कारखान्यात हजर. खूप वर्षं तिनं तिथं खोकी बांधली, उचलली. खोकं गुडघ्यात वाकून उचलायचं, कमरेतून नाही. हे न शिकलेल्या बायका लवकर घरी बसल्या. ती टिकली.

सत्त्याण्णव साली तिला माल रवाना करायच्या टेबलावर, कॉम्प्युटरसमोर बसवलं. आधी ते काम तिचा नवरा खंडोजी हातानं करायचा. शारजाला जाण्यापूर्वी त्यानं कामातली एकेक पायरी पुण्याहून आलेल्या सुशांतला सांगितली आणि सुशांतनं ती मशीनमध्ये बसवली. अशा बसवलेल्या कामाला तो मॅक्रो म्हणायचा, आणि ज्यानं काम सांगितलं त्याचंच नाव मॅक्रोला द्यायचा. साठ्याचा मल्हार, बिलांचा नागराज, रवानगीचा खंडोजी. पडद्यावरच्या पिवळ्या चौकोनात नाव लिहायचं, बटण दाबायचं. त्या नावाचं काम चालू.

पद्मावतीनं नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. रोज ते शेजारच्या टेबलावरची अश्लेषा लिहून द्यायची.

फोनचंही तसंच. शारजातल्या कामगारांच्या वस्तीत एकच फोन. उचलणारा नाव विचारून माणसाला बोलवायचा. पूर्वी दीर फोन लावायचा, पण तो गावी, निपाणीला परत गेला. मग तिनं एकदा एकटीनं लावला.

"किसको बुलाना है?"

"निपाणीवाल्यांना."

फोन कट. तेव्हापासून खंडोजीचा आवाज कानावर नव्हता.

एका शनिवारी अश्लेषा आली नाही. दारात ट्रक उभा. पद्मावतीनं चौकोनात 'निपाणी' लिहिलं आणि बटण दाबलं. या नावाचा मॅक्रो सापडत नाही, असं मशीननं कळवलं.

"अक्का, स्वल्प लवकर!" बिलांच्या टेबलावरचा नागराज आपल्या कानडी वळणात ओरडला. "ड्रायव्हर शिव्या घालतोय."

"तुम्हीच लिहा की, अण्णा."

"मी लिहिलं तर साहेब मलाच बसवेल तिथं. तुला परत खोकी उचलायचीत? आणि लाजतेस कुणाला? मशीन काय तुझ्या सासरचं आहे?"

तिनं एकेक अक्षर शोधून दाबलं. नाव उमटलं. पावत्या निघाल्या त्या खंडोजी लावायचा त्याच क्रमानं. लांबच्या गावाची आधी, कारण तो माल ट्रकमध्ये सगळ्यात आत जातो. तिनं पावत्या हातात घेतल्या आणि क्षणभर ड्रायव्हरला दिल्याच नाहीत.

सोमवारी सुशांतच्या कानावर गेलं. "ताई, मॅक्रोचं नाव बदलून देऊ? लगेच होईल."

"नको. राहू दे."

"सरी, सरी, बरंय," नागराज हसला.

मग ती रोज स्वतः लिहू लागली. लिहिताना ओठ हलायचे, आवाज नसायचा. काम संपलं तरी चौकोन पुसायची नाही.

पगाराच्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये शिरली, काचेचं दार ओढून घेतलं.

"किसको बुलाना है?"

मीटरचे लाल आकडे पळत होते.

"खंडोजी," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "खंडोजीको बुलाइए!"

पलीकडे कुणीतरी तेच नाव ओरडत लांब गेलं. मग धावत येणाऱ्या चपला वाजल्या.

टेबलावर बसून मिळालेली पगारवाढ त्या एका फोनवर गेली. त्यातला अर्धा वेळ दोघंही नुसती हॅलो म्हणत होती.