मामांच्या नाकावरची बंदी

नाशिक जिल्ह्यातल्या तमाम नाकांची सभा भरली, तर अध्यक्षपद माझ्या बायकोच्या मामांच्या नाकाकडे बिनविरोध जाईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मामा आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी दारातूनच सांगतात, "आज मेथी हाय, पण लसूण करपलाय." मग बायको माझ्याकडे बघते, कारण फोडणी मी घातलेली असते. शेजाऱ्यांचा नवा सोफा, माझं सर्दीचं औषध, बँकेतून आलेलं पाकीट, सगळ्यांचा ते आधी वास घेतात आणि मग बोलतात. लग्न ठरवताना त्यांनी माझाही घेतला होता म्हणे. निकाल मात्र मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

हे नाक म्हणजे मामांची भाकरी. दिंडोरीकडच्या एका मोठ्या वायनरीत ते द्राक्षांच्या छाटणीला म्हणून लागले आणि एकदा टाकीजवळून जाताना सहज म्हणाले, "ही बिघडाया लागलीय." प्रयोगशाळेला तेच कळायला आणखी चार दिवस लागले. त्यानंतर मामा चव बघायच्या कामावर आत आले, ते एकवीस वर्षं तिथेच होते. चहापलीकडे कशालाही न शिवणारा हा माणूस रोज टाक्याटाक्यांतली वाईन तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि लगेच खळखळून चूळ भरायचा. पुढे कारभार मालकांच्या मुलाकडे आला. "पाहुणे येतात तेव्हा ती गांधी टोपी घालून टाकीपाशी उभे राहू नका," असं तो एक दिवस म्हणाला. मामांनी टोपी आणखी नीट बसवली आणि राजीनामा दिला.

शेजारच्या शिवारात दोन बहिणींनी नुकतीच लहानशी वायनरी काढली होती. त्यांनी मामांना मानानं बोलावलं. तिसऱ्याच दिवशी जुन्या मालकांची नोटीस आली. कधीकाळी पगारवाढीच्या वेळी मामांनी एका इंग्रजी कागदावर सही केली होती. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यातल्या कुठल्याही वायनरीत काम करणार नाही, असं त्यात होतं. बहिणी घाबरल्या. मामा आमच्याकडे नाशिकला आले आणि त्यांनी ती बंदी अक्षरशः पाळायला घेतली. स्कूटरवरून द्राक्षबाग दिसली की नाकाला रुमाल बांधायचे. "उगा वास आला अन् नियम मोडला तर?" घरी करपलेली आमटी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली, तेव्हा मात्र बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या मैत्रिणीला, एका वकीलबाईंना गाठलं.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि त्या हसल्या. "मामा, त्यांची गुपितं बाहेर सांगू नका, ते बरोबर आहे. पण नोकरी सोडल्यावर माणसाला पोट भरण्यापासून अडवणारी अट कायद्यात टिकत नाही."

मामा, वकीलबाई आणि मी धाकट्या मालकांसमोर जाऊन बसलो. ते म्हणाले, "आम्ही यांना घडवलं. आता शेजाऱ्यानं आयता फायदा घ्यायचा?"

"मग दोन वर्षं घरी बसवा आणि पगार द्या," वकीलबाई म्हणाल्या. मालक पंख्याकडे बघू लागले.

मग मामा बोलले. "साहेब, तुमची गुपितं तुमच्यापाशीच ऱ्हातील, माझा शब्द हाय. पण द्राक्ष मला माझ्या बापानं शिकवलं. अन् हे नाक मी येताना घरून आणलं व्हतं, जाताना इथं ठेवून कसा जाऊ?" दारापर्यंत जाऊन ते वळले. "तेवढी कोपऱ्यातली टाकी बघा. आंबूस वास धरतोय. हे फुकट सांगतो."

चार दिवसांनी दोन पत्रं आली. एकात नोटीस मागं घेतल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यात टाकी वाचल्याबद्दल आभार होते. मामा नव्या वायनरीत पाऊल टाकायला गेले, तेव्हा बहिणींनी ओवाळायला ताट धरलं होतं आणि जुन्या वायनरीतल्या बाया कुंपणापलीकडे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मामांनी टोपी हातात घेऊन उंच हलवली. निवडणूक जिंकलेल्या माणसाचीसुद्धा इतकी ऐट मी पाहिलेली नाही.

त्या संध्याकाळी मी कपाटातून माझा एक जुना कागद काढला. लग्नाआधी सातपूरच्या कारखान्यात लागलो तेव्हा मीही असंच काहीतरी लिहून दिलं होतं. पुढे, लग्न ठरायच्या आधीच, समोरच्या कंपनीनं मला बोलावलं, माझ्या आवडीच्या कामावर. या कागदाच्या भीतीनं मी गेलो नाही. त्यात नेमकं काय लिहिलंय, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचलं. मामांच्या कागदातली तीच न टिकणारी अट होती.

"जावई, तवाच कुणाला इचारायचं," मामा म्हणाले.

"तेव्हा आपली ओळख कुठे होती?"

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी तो कागद उचलला, वास घेतला आणि नाक मुरडून दूर सारला.