अण्णांच्या कपाटातली माझी गाडी

"ए, हात लावू नगंस रं. लांब हुबा ऱ्हा."

बेळगावातल्या एका हॉलमध्ये, भरल्या माणसांत, मला हे ऐकून घ्यावं लागलं. मी काही परक्याच्या वस्तूला हात लावत नव्हतो. टेबलावर होती ती माझी पिकअप होती. वीतभर लांब, खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल. येताना खोक्यात तिचा डावा आरसा वाकला होता, तो नखानं सरळ करणार तेवढ्यात अण्णा खेकसले.

अण्णा म्हणजे निपाणीच्या आमच्या तंबाखू मालकांचे चिरंजीव. माझे वडील, आप्पा, त्यांच्या पिकअपवर ड्रायव्हर. छोट्या गाड्या करणाऱ्यांचं प्रदर्शन होतं ते. टेबलापुढं इस्त्रीचे शर्ट घातलेले पाहुणे उभे होते. त्यातल्या एकानं माझ्याकडं बघत विचारलं, हा कोण? अण्णा हसून म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरचा पोरगा. खोकी उचलायला आणलाय."

खोकी मीच उचलली होती, ते काही खोटं नव्हतं. पण गाडीपुढं जी पाटी उभी केली होती तिच्यावर नाव अण्णांचं. एकदा कन्नडात, एकदा इंग्रजीत. मी दोन्ही वाचली. मग भिंतीला जाऊन टेकलो आणि लोक माझ्या गाडीचे फोटो काढत होते ते बघत बसलो.

मी जळका माणूस आहे, आधीच सांगून टाकतो. असलं काही सांगितलं की लोक म्हणतात, अन्यायाची चीड आली असेल. चीड नंतर आली. आधी हेवा आला, आणि तो लई जुना.

निपाणीबाहेर हायवेला पिकअपचे हौदे, म्हणजे मागं माल भरायचे सांगाडे, बांधायचं गॅरेज आहे, तिथं मी कामाला. शोरूममधनं गाडी येते ती उघडीबोडकी. मग तिच्यावर हौदा चढतो, वर कॅरियर, बाजूला जाळी, कपाळावर कन्नडात देवाचं नाव आणि मागं मराठीत आईची कृपा. मोठ्या गाडीला जे जे करतात ते मी शाळेत असल्यापासनं छोट्या गाडीला करत आलो. सनबोर्डाची, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्याची केबिन, जुन्या चपलेच्या तळव्याची चाकं, मच्छरदाणीची जाळी, रिफिलचा सायलेन्सर. कापायला पातं, तेही माझं मीच केलेलं. मोडक्या करवतीच्या ब्लेडला धार लावली आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली.

आप्पांची किल्ली द्यायला एकदा मालकांच्या बंगल्यावर गेलो. पुढचं दार उघडं होतं म्हणून आतलं दिसलं. काचेचं कपाट, आत दिवे आणि दिव्याखाली ओळीनं गाड्या. परदेशातनं मागवलेल्या, सुटे भाग जोडून केलेल्या. रंग असा बसला होता की ब्रशचा एक दोरा कुठं दिसत नव्हता. अण्णांच्याकडं एअरब्रश होता, हवेनं रंग उडवणारा. माझ्या गाडीला आईच्या मैत्रिणीकडनं मागून आणलेलं नेलपॉलिश, त्यातही केस चिकटलेला. असा जळलो की घरी येऊन जेवलोच नाही. आईला वाटलं, ताप आला. कपाळाला हात लावून बघत होती बिचारी.

अण्णांचा हात वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडं खोली होती, मशीन होतं, आणि दुपार होती. रिकामी दुपार. माझी आई वखारीत तंबाखू चाळून घरी येते तेव्हा ठसक्यानं तिला बोलता येत नाही, आणि माझी दुपार वेल्डिंगच्या धुरात जाते. मला त्या कपाटाचा हेवा वाटला, त्याहून जास्त त्या दुपारचा वाटला.

मग मी आप्पांची पिकअप करायला घेतली. जशी आहे तशी. दारावरचा पोचा, उडालेला रंग, फाटलेली सीट. हौद्यात तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात आवळलेले गठ्ठे, आणि त्यावर दोरी. दोरीची गाठसुद्धा आप्पा मारतात तशीच. आप्पांना एवढा आनंद झाला की रंग द्यायच्या आधीच गाडी उचलून बंगल्यावर दाखवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. अण्णा म्हणाले, "हितं येऊन कर की. मशीन वापर, रंग वापर. लाजू नगंस."

मी हुरळलो. दर रविवारी जायला लागलो. बंगल्यामागं गाड्या लावायची शेड होती, तिच्या कडेच्या खोलीत बसवलं मला. एअरब्रश पहिल्यांदा हातात धरला तेव्हा सुख झालं, नाही म्हणत नाही. चहा यायचा. माझा ग्लास वेगळा, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेला. पिऊन झाला की नळाखाली मीच धुवायचा आणि परत तिथंच पालथा घालायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात ते सांगावं लागत नाही.

गाडी पुरी झाली तशी ती आत गेली, काचेच्या कपाटात. मी मागच्या फाटकानं बाहेर आलो. पुढच्या रविवारी खिडकीतनं बघितलं तर दिव्याखाली ती अशी देखणी दिसत होती की माझ्या घरात कधी दिसली नसती. आणि मला माझ्याच गाडीचा हेवा वाटला. चपलेच्या तळव्याची चाकं बंगल्यात गेली, त्यांना कुणी उंबऱ्यावर अडवलं नाही. मला अजून तो उंबरा ओलांडता आला नव्हता.

त्यानंतर बेळगावचं ते प्रदर्शन. परत येताना अण्णा त्यांच्या कारनं पुढं गेले. मी आप्पांच्या शेजारी, पिकअपच्या केबिनमध्ये. वाटेतला हत्तरगीचा टोलनाका मागं पडला. शेवटी म्हणालो, "आप्पा, पाटीवर नाव त्यांचं हुतं."

आप्पांनी गिअर बदलला. म्हणाले, "मग? तुझं कोण लावणार?"

टोमणा नव्हता तो. माझ्या बापाला खरंच प्रश्न पडला होता. अण्णा खेकसले तेव्हा लागलं नव्हतं इतकं मला हे लागलं. उभा जन्म ज्यानं ती गाडी चालवली, त्याला तिच्यावर आपल्या माणसाचं नाव असू शकतं हे सुचतच नव्हतं. 

थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. मालकांच्या बंगल्यावर त्या दिवशी सगळी हत्यारं पूजेला मांडतात. वखारीतला काटा, चाळण्या, गाड्यांचे पाने, किल्ल्या, सगळं शेडमध्ये पाटावर ओळीनं. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला मालक ज्याचं त्याचं हत्यार आपल्या हातानं उचलून देणार, वर नारळ देणार. ते घेतलं की वर्षभर तो माणूस त्यांचा. दुसरीकडं कामाला जायचं नाही, तोंडातनं ब्र काढायचा नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण निपाणीत कुणालाही विचारा.

अण्णांनी निरोप धाडला, तुझं पातं आणून ठेव. आप्पा खूश. म्हणाले, "मान दिलाय पोरा त्यांनी." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत पातं स्वतःच नेऊन ठेवून आले.

मी मागनं गेलो. पूजा झाली होती. बायामाणसं अंगणात उभी, माझी आई त्यांच्यात. पाटावर माझं पातं, त्याला हळद-कुंकू लावलेलं. शेजारी माझी पिकअप, टपावर झेंडूचं फूल. आणि मी शेडच्या पायरीखाली.

मी म्हणालो, "अण्णा, गाडीवर माझं नाव लावा."

 अण्णा आधी हसला. इथनं पुढं मी त्याला अहो-जाहो करणार नाही. म्हणाला, "रंग माझा, मशीन माझं, जागा माझी. तुझं काय हाय रं त्यात?"

मी पायरी चढलो, चपलेसकट. पाटावरचं पातं उचललं. "हे माझं हाय," एवढंच म्हणालो.

पूजेतनं हत्यार उचललेलं त्या घरात कुणी बघितलं नव्हतं. म्हातारे मालक खुर्चीतनं अर्धे उठले. आप्पा धावत आले आणि माझं मनगट धरून म्हणाले, "ठेव. आदी ठेव ते खाली." मी मनगट सोडवून घेतलं. मी नाही ठेवलं. हळद-कुंकवासकट पातं खिशात घातलं आणि पुढच्या फाटकानं बाहेर पडलो. गाडी तिथंच राहिली.

दसऱ्याला आप्पांच्या हातात किल्ली आली नाही. त्यांना वखारीत बोद उचलायला घातलं. या वयात पाठीवर बोद. ते माझ्याशी बोलत नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "त्याच्या पात्यापायी माझी गाडी गेली." खरं आहे ते. मी त्यांची समजूत काढायला गेलो नाही, कारण काय काढणार? पातं परत नेऊन ठेवलं तर किल्ली मिळेल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी ठेवणार नाही.

गाडी अजून त्या कपाटात आहे. पाटी त्याचीच. दिवा लागतो, पाहुणे येतात, वाहवा करतात. मी जळतो. एअरब्रशसाठी जळतो, दिव्यासाठी, दुपारसाठी जळतो. आई म्हणते, दुसऱ्याचं बघून असं जळू नये, बरं नसतं. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. आता नाही वाटत. ज्याला दुसऱ्याचं बघून जळायलाही येत नाही त्याचं काय होतं, ते मी पिकअपच्या केबिनमध्ये आप्पांच्या शेजारी बसून बघितलं आहे.

दुसरी पिकअप करायला घेतली आहे. रंग ब्रशनंच देतोय, दोरे दिसतात. दिसू देत. पुढच्या प्रदर्शनाला ती मी स्वतः घेऊन जाणार, टेबल नाही दिलं तर फरशीवर मांडणार. नाव मात्र मी सगळ्यात आधी कोरलं. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, आतल्या अंगानं, पात्याच्या टोकानं खोल. मग त्याच्यावर केबिन बसवली, हौदा बसवला, सगळं चिकटवून टाकलं. आता ते नाव कुणाला काढायचं असेल तर त्याला गाडी फोडावी लागेल.